आपला उमेदवार पडणार हे माहीत असताना मत का द्यायचं?

दर निवडणुकीत हा डायलॉग कुठून ना कुठून येतोच, "अरे आपला माणूस पडणारच आहे, कशाला उगाच रांगेत उभं राहायचं." आणि असं बोलणारा काही आळशी किंवा बेफिकीर असतो असं नाही, उलट बऱ्याचदा तो राजकारण नीट फॉलो करणारा असतो, मतदारसंघाचं गणित त्याला तोंडपाठ असतं, आणि म्हणूनच तो म्हणतो की माझ्या एका मताने काडीचा फरक पडत नाही. यावर आपण त्याला काय ऐकवतो, तर पोस्टरवरची वाक्यं. प्रत्येक मत मोलाचं, मतदान पवित्र कर्तव्य, इत्यादी. तो हसतो आणि त्या दिवशी घरीच बसतो.

खरं सांगायचं तर त्याचं गणित बरोबर आहे. अँथनी डाऊन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हेच १९५७ मध्ये मांडलं होतं, की लाखो मतदार असलेल्या निवडणुकीत तुमच्या एकट्याच्या मतावर निकाल फिरण्याची शक्यता इतकी कमी असते की नुसता नफातोटा बघितला तर मत द्यायला जाण्यात अर्थच नाही. मग लोक पटकन नाथद्वाराचं उदाहरण काढतात. २००८ ची राजस्थान विधानसभा, सी. पी. जोशी तेव्हा प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष, मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं, आणि ते एका मताने पडले. ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. किस्सा भारी आहे, खराही आहे, पण लक्षात राहतो तो असं जवळजवळ कधीच होत नाही म्हणूनच. आणि आपला प्रश्न तर त्याहून वेगळा आहे, इथे चुरस नाहीच, चाळीस हजारांनी पडणार हे सगळ्यांना माहितीये, मग?

माझं म्हणणं असं की "माझ्या मताने निकाल बदलेल का" हा प्रश्नच अपुरा आहे. मतमोजणीतून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक म्हणजे कोण जिंकलं. दुसरी म्हणजे आकडे, कोणाला किती, कुठे किती, फरक किती. शाळेतला निकाल पास की नापास एवढंच सांगतो पण खरी माहिती मार्कशीटवर असते, ३४ मार्कांनी गेलेला आणि ४ मार्कांनी गेलेला दोघंही नापासच, तरी पुढच्या वर्षी त्यांच्याकडे बघायची मास्तरांची नजर वेगळी असते. निवडणुकीची ही मार्कशीट निकालानंतर वर्षानुवर्षं वाचली जाते, आणि ती वाचणारे लोक तुमच्याआमच्यापेक्षा फार बारकाईने वाचतात. हरलेलं मत जातं कुठे याचं उत्तर त्या कागदात आहे.

आता वाचतं कोण ते बघू. सगळ्यात आधी वाचतो जिंकलेला. सामान्य माणसाला वाटतं की जिंकला म्हणजे जिंकला, विषय संपला, पण कुठल्याही आमदार-खासदाराच्या जवळच्या कार्यकर्त्याला विचारा, निकालाच्या संध्याकाळी गुलाल उडत असतानाच आत बसून कोणीतरी हिशोब करत असतं की गेल्या वेळी लीड अमुक होता यावेळी एवढा कसा उतरला, कुठल्या गावाने कमी दिलं, कुठल्या वॉर्डात समोरच्याला जास्त पडली. आणि हा अंदाजपंचे कारभार नसतो, ईव्हीएम आल्यापासून मोजणी बूथनिहाय होते, आणि फॉर्म २० नावाच्या कागदावर प्रत्येक बूथवर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली हे छापलेलं असतं. सत्तर हजारांनी जिंकलेला माणूस पाच वर्षं एका प्रकारे वागतो आणि सात हजारांनी जिंकलेला दुसऱ्या प्रकारे, फोन उचलण्यापासून ते कुठल्या रस्त्याला आधी निधी द्यायचा इथपर्यंत. हा फरक कोणी घडवला? जे हरले त्यांनीच की. ते घरी बसले असते तर सात हजारांचा लीड सत्तावीस झाला असता आणि साहेब निवांत झाले असते.

दुसरे वाचणारे म्हणजे हरलेल्या बाजूचेच लोक. जागावाटपाच्या बातम्या आठवा. युती असो नाहीतर आघाडी, बैठकीत भांडण कशावरून होतं, तर "त्या जागेवर गेल्या वेळी आमचा माणूस दोन नंबरला होता, ती जागा आम्हालाच पाहिजे." दोन नंबरची मतं ही जागावाटपात चालणारी करन्सी आहे. हरलेल्या उमेदवाराला पुढच्या वेळी तिकीट मिळणार की पक्ष त्या मतदारसंघातून गाशा गुंडाळणार, तिथे पैसा आणि माणसं लावणार की नाही, एखादा चांगला माणूस उभं राहायला तयार होणार की नाही, हे सगळं त्या हरलेल्या मतांवरून ठरतं. म्हणजे पाच वर्षांनी तुमच्यासमोर कुठले पर्याय असतील हे तुम्ही आजच्या हरण्यातून थोडंफार ठरवत असता. "आमच्याकडे धड उमेदवारच देत नाहीत" अशी तक्रार करणाऱ्यांनी हे एकदा तपासून बघावं, पक्षाच्या कागदावर तुमचा भाग कसा दिसतो ते.

तिसरा वाचणारा म्हणजे कायदा, आणि इथे बरीच मजा आहे. आपल्याकडे एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तर डिपॉझिट वाचतं, नाहीतर जप्त, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पक्षाला मान्यता कशी मिळते हे फार जणांना माहीत नसतं. राज्यपक्ष म्हणून मान्यता मिळवायचे चारपाच मार्ग आहेत, त्यातला एक म्हणजे विधानसभेला राज्यात ६ टक्के मतं आणि दोन आमदार, आणि २०११ मध्ये अजून एक मार्ग वाढवला, राज्यात ८ टक्के मतं मिळाली की बास, एकही जागा जिंकली नसली तरी चालेल. म्हणजे नियमच सांगतो की सगळीकडे हरलात तरी तुमची मतं आम्ही मोजणार आणि त्यावर तुम्हाला हक्काचं चिन्ह देणार. गुजरात २०२२ बघा. भाजपने १८२ पैकी १५६ जागा जिंकल्या, एकतर्फी निवडणूक, आम आदमी पक्षाला पाच जागा, त्यांच्या शंभरावर उमेदवारांची डिपॉझिटं गेली, टीव्हीवर सगळ्यांनी थट्टा केली. पण मतं पडली होती १३ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे गुजरातमध्ये राज्यपक्षाची मान्यता मिळाली, दिल्ली, पंजाब, गोवा आधीच होते, हे चौथं राज्य झालं, आणि चार राज्यांत मान्यता म्हणजे राष्ट्रीय पक्ष. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने तो दर्जा दिला. तुम्हाला तो पक्ष आवडो न आवडो, मुद्दा असा की ज्या मतदाराच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं त्याचंही मत त्या १३ टक्क्यांत होतं. त्याच सुमारास राष्ट्रवादी, तृणमूल आणि भाकप यांचा राष्ट्रीय दर्जा गेला, तोही आकड्यांवरूनच.

काही देशांत तर हरलेल्या मताला थेट पैसे मिळतात. जर्मनीत संसदेत जायला साधारणपणे ५ टक्के मतं लागतात, पण सरकारी निधीसाठी अर्धा टक्का पुरतो, त्यापुढे पक्षाला दर मतामागे दरवर्षी रक्कम मिळते. तिथला एफडीपी हा जुना पक्ष २०१३ मध्ये ४.८ टक्क्यांवर अडकला आणि १९४९ नंतर पहिल्यांदाच संसदेबाहेर फेकला गेला, सगळ्यांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, आणि चार वर्षांनी तो १०.७ टक्के घेऊन परत आला. पक्ष जिवंत ठेवायला ती ४.८ टक्के किती कामाला आली असतील याचा विचार करा. कॅनडातही २००४ ते २०१५ दर मतामागे पैसे मिळायचे, नंतर बंद झालं ते.

आता जरा मोठ्या पातळीवर. किती फरकाने हरलो याने जिंकलेल्याला काय काय करता येईल हे बदलतं. साधं बहुमत आणि दोन तृतीयांश बहुमत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे कारण बऱ्याच देशांत राज्यघटनेला हात लावायचा तर दोन तृतीयांश लागतात. हंगेरीत २०१० मध्ये फिदेस पक्षाला मतं मिळाली ५३ टक्क्यांच्या आसपास, पण जागा मिळाल्या ३८६ पैकी २६३, म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी विरोधकांच्या संमतीशिवाय नवीन घटना मंजूर करून टाकली. काठावरच्या पाचसहा जागा इकडेतिकडे झाल्या असत्या तरी फिदेसच जिंकला असता, हरलेले हरलेलेच राहिले असते, पण घटना एकट्याच्या बळावर बदलता आली नसती.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर लोकसभेतला विरोधी पक्षनेता. त्यासाठी एकूण जागांच्या १० टक्के, म्हणजे ५५ जागा लागतात असा संकेत आहे. २०१४ मध्ये काँग्रेस ४४ वर, २०१९ मध्ये ५२ वर, त्यामुळे दहा वर्षं ती खुर्ची अधिकृतपणे रिकामी. २०२४ मध्ये ९९ जागा आल्या, सरकार बनलं नाहीच, पण विरोधी पक्षनेतेपद आलं, आणि हे पद म्हणजे शोभेचं नाही, सीबीआयचा संचालक किंवा मुख्य निवडणूक आयुक्त निवडायच्या समितीत तो माणूस बसतो. आता यातला मतांचा हिशोब बघा. २०१४ ला काँग्रेसची मतं १९.३ टक्के, २०१९ ला १९.५, २०२४ ला २१.२. म्हणजे जागा दुपटीच्या जवळ गेल्या तेव्हा मतं जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढली होती. आणि भाजपची ३७.४ वरून ३६.६ झाली तर जागा ३०३ वरून २४०. आपल्या पद्धतीत, जिथे जास्त मतं मिळवणारा एकटाच सगळं घेऊन जातो, तिथे हे असंच होतं, मतं हळूहळू सरकतात आणि जागा धाडकन पडतात. दोनदा सडकून हरूनही ज्या दहा कोटींहून जास्त लोकांनी जाऊन मत दिलं ते तिसऱ्या वेळेचा पाया होते. उलट बाजूने बघायचं तर १९८४ मध्ये भाजपला फक्त दोन जागा होत्या हे सगळ्यांना पाठ आहे, पण मतं होती पावणेआठ टक्क्यांच्या आसपास, त्याहून कितीतरी कमी मतांत तेलुगु देसमला ३० जागा मिळाल्या होत्या. दोन या आकड्याकडे बघून कोणी म्हणालं असतं की संपला पक्ष, पण पावणेआठ टक्क्यांकडे बघणाऱ्याला वेगळंच दिसलं असतं. पाच वर्षांनी ८५ जागा आल्या.

पण मला स्वतःला सगळ्यात पटतं ते स्वित्झर्लंडचं उदाहरण, ते जरा सविस्तर सांगतो कारण यात हरलेल्या मताचा प्रवास पार शेवटपर्यंत दिसतो. १ फेब्रुवारी १९५९. प्रश्न असा की बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क द्यायचा का, आणि यावर मत कोण देणार, तर फक्त पुरुष, कारण हक्क त्यांनाच होता. निकाल काय लागला असेल? साधारण ६७ टक्के नाही, ३३ टक्के हो. दणदणीत पराभव. अप्पेनझेल इनररोडेन नावाच्या छोट्या प्रांतात तर जवळजवळ ९५ टक्के पुरुषांनी नाही म्हटलं. आता या निकालाच्या आदल्या दिवशी हो म्हणणाऱ्या एखाद्या पुरुषाने आपल्या मित्राला विचारलं असतं तर मित्र म्हणाला असता की कशाला जातोस, पडणारच आहे. आणि ते खरंच होतं.

पण निकाल प्रांतवार मोजला गेला, त्यांच्याकडे प्रांताला कॅन्टन म्हणतात. आणि त्यात दिसलं की तीन कॅन्टनमध्ये, वो, न्यूशातेल आणि जिनिव्हा, हो म्हणणारे जास्त आहेत. वो मध्ये त्याच दिवशी कॅन्टनपुरता प्रश्नही मतपत्रिकेवर होता, तो पास झाला, म्हणजे देशात हरलेल्या दिवशीच तिथल्या बायकांना कॅन्टनच्या कारभारात मताचा हक्क मिळाला. न्यूशातेलने त्याच वर्षी दिला, जिनिव्हाने १९६० मध्ये. मग बाझल शहराने १९६६ मध्ये, पुढे तिचिनो, झुरिक असं एकेक करत. दरम्यान जे व्हायची भीती विरोधक घालत होते, म्हणजे घरं मोडतील वगैरे, तसलं काहीच झालं नाही आणि ते शेजारच्या कॅन्टनला डोळ्यांनी दिसत होतं. मग १९६८ च्या सुमारास सरकारने युरोपच्या मानवी हक्क करारावर सही करायची तयारी चालवली, पण बायकांच्या मताधिकाराचा मुद्दा तेवढा सोडून, त्यावर भडका उडाला, १९६९ मध्ये बर्नवर मोर्चा निघाला. शेवटी ७ फेब्रुवारी १९७१ ला पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा फक्त पुरुष मतदार, आणि आता ६५.७ टक्के हो. बारा वर्षांत आकडे जवळजवळ उलटे. १९५९ मधल्या त्या ३३ टक्क्यांनी "पडणारच आहे" म्हणून घरी बसायचं ठरवलं असतं तर आकडा ३३ ऐवजी १५ दिसला असता, वो मध्येही हो हरलं असतं, आणि सगळ्यांना वाटलं असतं की हा देश अजून पन्नास वर्षं तयार होणार नाही. अप्पेनझेलने मात्र शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही, तिथे १९९० मध्ये कोर्टाला आदेश द्यावा लागला, ते असो.

आयर्लंडमध्ये घटस्फोटाचं असंच झालं. १९८६ च्या सार्वमतात ६३.५ टक्के लोकांनी नको म्हटलं. पण ३६.५ टक्के हो म्हणणारेही कागदावर आले, सरकारला दिसलं की लोकांची खरी भीती जमीनजुमला आणि पोटगीची आहे, १९८९ मध्ये विभक्त राहणाऱ्यांसाठीचा कायदा सुधारला, आणि १९९५ मध्ये तोच प्रश्न ५०.२८ टक्क्यांनी पास झाला. फरक अवघा ९,११४ मतांचा.

कधीकधी तर हरलेली मतं जिंकलेला पक्ष उचलून नेतो. १९९२ मध्ये अमेरिकेत रॉस पेरो नावाचा उद्योगपती अपक्ष उभा राहिला, त्याचा मुख्य मुद्दा एकच, सरकारची तूट आणि कर्ज. टीव्हीवर अर्धा अर्धा तास तक्ते दाखवत बसायचा. त्याला १८.९ टक्के मतं पडली, जवळजवळ दोन कोटी माणसं, आणि त्यांच्या पद्धतीत जे मोजतात ते इलेक्टोरल व्होट किती, तर शून्य. वाया गेली म्हणायची का? पुढची काही वर्षं दोन्ही मोठे पक्ष तुटीबद्दल एकमेकांपेक्षा मोठ्याने बोलत होते कारण ते १९ टक्के दोघांनाही पाहिजे होते, आणि १९९८ मध्ये बजेट शिलकीत आलं. सगळं श्रेय पेरोला देणं भाबडेपणा होईल, अर्थव्यवस्था जोरात होती, बाकीही कारणं होती. पण तो विषय टेबलावर ठेवला तो हरलेल्यांनी. अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तर अजून गमतीदार केस. १९६३ मध्ये हा माणूस शपथविधीच्या भाषणात वंशभेद कायम राहणार म्हणून गर्जना करत होता. १९६५ च्या कायद्याने काळ्या लोकांच्या मतदानातले अडथळे गेले, राज्यात ते अल्पसंख्याकच, एकट्याच्या बळावर गव्हर्नर निवडून आणता येणार नाही, पण मतदान करू लागले. १९८२ मध्ये हाच वॉलेस त्यांची माफी मागत फिरत होता आणि त्यांच्या बऱ्याच मतांवर निवडून आला. मनपरिवर्तन झालं होतं की हिशोब कळला होता हे त्यालाच माहीत.

बरं, याच्या उलट केलं तर? म्हणजे हरणाऱ्या बाजूने ठरवून मतच दिलं नाही तर काय होतं? हे करून बघितलेलं आहे. व्हेनेझुएलात डिसेंबर २००५ च्या संसद निवडणुकीतून मोठ्या विरोधी पक्षांनी ऐनवेळी माघार घेतली, यंत्रणेवर विश्वास नाही म्हणून, आणि त्यांना वाटलं की मतदान कमी झालं की सरकारची लाज जाईल. मतदान खरंच कमी झालं, २५ टक्क्यांच्या आसपास. आणि १६७ च्या १६७ जागा राष्ट्राध्यक्ष चावेझच्या बाजूला गेल्या. पाच वर्षं संसदेत विरोधात निवडून आलेला एकही माणूस नाही, कायदे, न्यायाधीशांच्या नेमणुका, सगळं आरामात. लाजबिज काही गेली नाही कोणाची. २०१० मध्ये मग गपचूप परत उतरले. बांगलादेशात जानेवारी २०१४ मध्ये मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला तर ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झालं नाही, बिनविरोध. बहिष्कार टाकणाऱ्याच्या डोक्यात खूप मोठा अर्थ असतो, पण कागदावर तो रिकामी जागा म्हणून उमटतो आणि रिकाम्या जागेचा अर्थ ज्याला जसा पाहिजे तसा तो लावतो. घरी बसलेला माणूस नाराज होता, आजारी होता, गावाला गेला होता की खूश होता, आकड्यांना काय माहीत.

हा फरक आपल्याकडे २०२४ मध्ये एकाच निवडणुकीत दिसला. सुरतमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, भाजपचा उमेदवार बिनविरोध, मतदान नाहीच. त्यामुळे सुरतमध्ये किती लोक नाराज होते याचा कुठेही एक आकडा नाही. इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली, पण बाकीचे काही उमेदवार उरले म्हणून मतदान झालं. भाजप प्रचंड फरकाने जिंकणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि जिंकलीही, पण २ लाख १८ हजार ६७४ लोकांनी जाऊन नोटाचं बटण दाबलं. नोटाने निकालावर काही परिणाम होत नाही, आपल्याकडे तसा नियमच नाही. तरी तो आकडा आहे, कायमचा.

अजून एक बाजू आहे जिच्याबद्दल कमी बोललं जातं. निवडणूक ही जिंकणाऱ्याला खुर्ची द्यायची पद्धत आहे तशीच हरणाऱ्याला मुकाट्याने उठवायची पण आहे, आणि माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड. राज्यशास्त्रवाले म्हणतात की लोकशाही टिकते ती हरलेल्यांच्या संमतीवर. १९७७ मध्ये इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून राज नारायण यांच्याकडून पडल्या आणि पंतप्रधानपद सोडलं, आणीबाणी लावलेल्या माणसाने, आणि १९८० मध्ये त्याच मार्गाने परत आल्या. गांबियात डिसेंबर २०१६ मध्ये २२ वर्षं सत्तेत असलेल्या याह्या जामेहने आधी टीव्हीवर पराभव मान्य केला, आठवड्याभरात शब्द फिरवला, आणि शेवटी शेजारच्या देशांचं सैन्य सीमेवर आलं तेव्हा जानेवारीत देश सोडला. हरलेला माणूस निकाल कधी मानतो? जेव्हा त्याला वाटतं की मोजणी खरी होती, माझीही मतं मोजली गेली, आणि पुढच्या वेळी ती वाढू शकतात. हरलेल्यांनी मतदानच केलं नाही तर त्यांच्याकडे यातलं काहीच उरत नाही, उरते ती फक्त चिडचिड.

आता यातल्या गोम्या. जिथे मोजणीच खोटी आहे तिथे वरचं बरंचसं लागू पडत नाही, आकडे कोणीतरी ऑफिसात बसून लिहीत असेल तर तुमच्या मताची मार्कशीट पण खोटीच. तिथेही लोक जातात, पण ती कारणं वेगळी आणि धोकेही वेगळे. दुसरं म्हणजे बूथनिहाय आकडे दुधारी आहेत. "तुमच्या वस्तीने मतं दिली नाहीत" म्हणून पाण्याची लाईन अडवणारे महाभाग असतात. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक बूथची मतं एकत्र मिसळायची सोय होती, ईव्हीएमने ती गेली. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं होतं, चौदा मशिन्सची बेरीज एकदम दाखवणारं, म्हणजे कुठल्या बूथने काय केलं ते कळणार नाही. विधी आयोगानेही पाठिंबा दिला, सरकारने घेतलं नाही. माझ्या मते घ्यायला पाहिजे होतं, मतदारसंघाचा एकूण आकडा दिसला तरी हरलेल्या मतांचं काम होतं, त्यासाठी एखाद्या गल्लीवर बोट ठेवता यायची गरज नाही.

तिसरी शंका हमखास येते, की मग आवडता पण पडणारा उमेदवार निवडायचा का जिंकू शकणारा बरा उमेदवार? दोन्ही चालतं. तुम्हाला एखादा येऊच नये असं वाटत असेल आणि चुरस खरंच असेल तर दोन नंबरच्या पर्यायाला मत देण्यात काही पाप नाही, जगभर लोक करतात. पण निकाल एकतर्फीच असेल तर तडजोड करायचं कारणच संपतं, अशा वेळी तर मनापासून आवडतो त्यालाच द्या, कारण तिथे तुमचं मत फक्त नोंद म्हणूनच काम करणार आहे, मग नोंद तरी खरी होऊ दे. ऑस्ट्रेलियात हा घोळ नाही, तिथे पसंतीक्रम लिहितात, पहिल्या पसंतीचा बाद झाला की मत दुसऱ्याकडे जातं, आणि पहिल्या पसंतीची ४ टक्के मतं मिळाली की निवडणूक खर्चाचे सरकारी पैसे पण मिळतात.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर आपल्याकडे ते सोपं आहे. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर मतदारसंघनिहाय फॉर्म २० च्या पीडीएफ मिळतात, स्कॅन कधीकधी तिरके असतात पण वाचता येतात. तुमचा मतदारसंघ काढा, मतदार यादीतला भाग क्रमांक बघा, त्यावरून मतदान केंद्राची ओळ सापडते, आणि त्या ओळीत तुमचा पडलेला उमेदवार किती मतांवर आहे ते दिसेल. बऱ्याचदा माणूस चाट पडतो, कारण आपल्या भागात आपण चारच जण आहोत असं वाटत असतं आणि तिथे तीनशे बारा लिहिलेलं असतं. मागच्या दोन निवडणुकांच्या पीडीएफ शेजारी ठेवून बघितल्या तर अजून कळतं, फक्त मधे बूथची फोड झाली असेल तर क्रमांक बदललेले असतात, तेवढं केंद्राचं नाव जुळवून घ्या.